चॅनेल एकशे साठ, कॉल एकच

सांगली जिल्ह्यातल्या एका केबल ऑपरेटरच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून चॅनेल घरोघरी सोडले जातात त्या केंद्रावर, आमचं सॉफ्टवेअर चालतं. उपग्रहावरून उतरवलेले १६० चॅनेल यूडीपी मल्टिकास्टमध्ये (नेटवर्कवर एकच पॅकेट एकदम अनेकांकडे पोचवायच्या पद्धतीत) घालायचे आणि इमारतींकडे सोडायचे, एवढंच त्याचं काम. पाच वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. मग सुरक्षेसाठी सर्व्हरवरच्या लिनक्सचं जुनं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदलायचं ठरलं. रात्री दोन वाजता पुण्यातून लॉगिन करून मी ते बदललं आणि समाधानाने झोपलो. सकाळी साडेसातला हेडएंडच्या टेक्निशियनचा फोन.

"सर, रात्रीपासनं चित्र फुटालंय बघा. लोकं दारात आलीत."

सर्व्हर पाहिला तर चारही कोर दमलेले. त्यातही आमच्या प्रोग्रामचा स्वतःचा हिशेब किरकोळ होता, चाळीसेक टक्के वेळ कर्नलच्या आतच जात होता. तिथे मी पहिली चूक केली. कुठले सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या) होतायत हे बघायला चालू प्रोग्रामला एस-ट्रेस लावला. एस-ट्रेस प्रत्येक कॉलला प्रोग्राम थांबवतो हे पुस्तकी ज्ञान मला होतं, पण १६० चॅनेल एकदम गोठल्यावर ते अंगात मुरलं. दहा सेकंदांत काढला. पुढचं सगळं मोजमाप पर्फने केलं, ते प्रोग्रामला असं थांबवत नाही.

दुखणं समजायला साधा गुणाकार पुरतो. एमपीईजी ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं एक पॅकेट १८८ बाइटचं असतं आणि यूडीपीच्या एका पॅकेटात अशी सात बसवायची रीत आहे, म्हणजे १३१६ बाइट. चार मेगाबिटच्या चॅनेलला सेकंदाला साधारण ३८० पॅकेटं लागतात. १६० चॅनेलांची झाली जवळजवळ ६१ हजार. पाच वर्षांपूर्वी मीच लिहिलेल्या कोडमध्ये प्रत्येक चॅनेलचा वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्र चालणारा धागा, होता. तो साधारण २.६ मिलिसेकंद झोपायचा, उठायचा, सेंडटू हा कॉल करून एक पॅकेट सोडायचा आणि परत झोपायचा. झोपण्याचा एक कॉल, पाठवण्याचा एक. सेकंदाला एक लाख वीस हजारांवर वेळा कर्नलचं दार वाजवणं चालू होतं. दळणाला मूठमूठ गहू घेऊन गिरणीत चकरा मारण्यातला प्रकार. जुन्या कर्नलवर हे खपून गेलं. पण जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन या सुरक्षा-दोषाचं प्रकरण बाहेर आल्यावर कर्नलची आणि प्रोग्रामची पेज टेबलं (मेमरीत काय कुठे आहे त्याचे नकाशे) वेगळी ठेवायची पद्धत आली. आमच्यासारख्या जुन्या प्रोसेसरवर तेव्हापासून दाराशी दर खेपेला टेबलं बदलावी लागतात. माझं अपडेट म्हणजे त्या दारावर बसवलेला नवा रखवालदार होता.

इलाज ठाऊक होता. सेंडएमएमएसजी हा कॉल लिनक्समध्ये ३.० पासून, म्हणजे २०११ पासून आहे. अनेक संदेशांची रांग एका कॉलमध्ये कर्नलच्या हाती द्यायची, एका वेळी १०२४ पर्यंत. घेणाऱ्या बाजूचं त्याचं भावंड, रिसीव्हएमएमएसजी, त्याच्याही आधी आलं होतं. मी दुपारपर्यंत कोड बदललं: प्रत्येक चॅनेलच्या थ्रेडने ३२ पॅकेटं साठवायची आणि एका कॉलमध्ये सोडून द्यायची. ऑफिसातल्या टेबलावर झकास चाललं, कोर निवांत झाले. संध्याकाळी सांगलीला चढवलं.

रात्री परत फोन. आता चित्र आधीपेक्षा जास्त फुटत होतं.

सर्व्हरवर एकही पॅकेट हरवत नव्हतं, सगळे काउंटर स्वच्छ. दोन तास मी नुसता त्यांच्याकडे बघत बसलो. मग टेक्निशियनला एका इमारतीखालच्या स्विचचे आकडे वाचून दाखवायला सांगितले. तिथे टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. ३२ पॅकेटं म्हणजे ८४ मिलिसेकंदांचं चित्र. ते मी ४२ हजार बाइटच्या एका गठ्ठ्यात सोडत होतो आणि मग ८४ मिलिसेकंद गप्प बसत होतो. गिगाबिटच्या तारेवरून तो गठ्ठा ०.३५ मिलिसेकंदात स्विचपाशी पोचतो. पण इमारतीकडे जाणारा पोर्ट १०० मेगाबिटचा, त्याला तोच गठ्ठा पुढे ढकलायला साडेतीन मिलिसेकंद लागतात. मधल्या वेळात बाकीचं ठेवायचं कुठे? स्वस्त स्विचच्या इवल्याशा बफरात. त्यात सगळे थ्रेड एकाच क्षणी सुरू झालेले, त्यामुळे एकाच इमारतीत बघितल्या जाणाऱ्या सात-आठ चॅनेलांचे गठ्ठे हातात हात घालून यायचे. सरासरी वेग जराही वाढला नव्हता. मी फक्त बारीक धारेचा नळ बंद करून दर थोड्या वेळाने बादली ओतायला लागलो होतो.

बॅच ३२ वरून आठ केली, चार केली. जितकी बॅच छोटी तितकं चित्र बरं आणि तितका कोरवरचा भार परत वर. म्हणजे मधला आकडा शोधून भागणार नव्हतं.

उत्तर सुचलं ते सेंडएमएमएसजीचं माहितीपान (मॅन पेज) नव्याने वाचताना. रांगेतल्या प्रत्येक संदेशाला स्वतःचा पत्ता देता येतो. हे मी शंभरदा वाचलेलं असणार. मग एका चॅनेलची ३२ पॅकेटं एकत्र बांधायचीच कशाला? ३२ वेगवेगळ्या चॅनेलांचं एकेक पॅकेट बांधलं तर? गठ्ठा उभा बांधण्याऐवजी आडवा. दर मिलिसेकंदाला एकच थ्रेड उठेल, ज्या चॅनेलांची पाळी आली असेल त्यांचं एकेक पॅकेट गोळा करेल आणि एका कॉलमध्ये सोडेल. हिशेबाने दर ठोक्याला ६१ पॅकेटं. सर्व्हरच्या तारेवर तो गठ्ठाच, पण मल्टिकास्ट असल्यामुळे स्विच प्रत्येक इमारतीकडे तिथे लागलेले चॅनेलच पाठवतो. गठ्ठा वाटेत आपोआप विरळ होतो. सेट-टॉप बॉक्सला दिसतं ते जुनंच, अडीच-तीन मिलिसेकंदाला एक पॅकेट.

लिहायला दोन दिवस गेले, त्यातला एक माझ्या वेंधळेपणात. टेबलावर दोन टीव्ही लावले होते. एकावर बातम्या, दुसऱ्यावर क्रिकेट यायला हवं होतं. दोन्हींवर क्रिकेट. चॅनेल बदलावा तर तिकडेही क्रिकेटच. शेजारचा सहकारी म्हणाला, "हे असंच राहू दे, ग्राहक खूश होतील." प्रत्येक संदेशाचा आयओव्हेक, म्हणजे मजकूर कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी, मी लूपच्या आत एकच वापरत होतो. साठ पाकिटांवर साठ वेगळे पत्ते, आत सगळ्यांच्या शेवटच्या चॅनेलचा मजकूर. आयओव्हेकचीही रांग केली आणि बातम्या परतल्या.

सांगलीला चढवलं. चित्र स्वच्छ. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी टेक्निशियन म्हणाला, "बाकी सगळं झ्याक हाय, पण कीर्तनाची चॅनेल मधीच अडकत्यात. म्हातारी माणसं लई बोलाय लागलीत."

फक्त भक्तीचेच चॅनेल कसे? यादी चॅनेल क्रमांकाने लावलेली होती आणि भक्तीचे चॅनेल तिच्या शेपटाला होते. सेंडएमएमएसजी किती संदेश गेले तो आकडा परत देतो. मी उणे एक आलं तरच चूक धरत होतो. पण निदान एक संदेश गेला असेल आणि मध्ये कुठेतरी अडलं, तर तो निमूटपणे 'एवढे गेले' म्हणतो. का अडलं ते सांगतच नाही. कधी एका ठोक्याला शंभरावर चॅनेलांची पाळी यायची. सॉकेट, म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्ककडचं टोक, नॉन-ब्लॉकिंग (जागा नसली तर वाट न बघता परतणारं), त्याचा पाठवण्याचा बफर मुळातला, २,१२,९९२ बाइटचा. त्यात कर्नल नुसते १३१६ धरत नाही, पॅकेटाभोवतीचा स्वतःचा पसाराही मोजतो. बफर भरला की शेवटचे दहा-वीस राहून जायचे, दर वेळी तेच. आधी प्रत्येक चॅनेलचं सॉकेट वेगळं होतं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता जिथे अडलं तिथून पुढे पाठवणारा लूप घातला, बफर वाढवला आणि चॅनेलांच्या सुरुवातीच्या वेळा थोड्या थोड्या सरकवून दिल्या. म्हाताऱ्या माणसांची कीर्तनं सुरळीत झाली.

एक गोष्ट मात्र ऑफिसात सांगितली तेव्हा कुणाला फारशी रुचली नाही. मी मागाहून मुद्दाम मोजून पाहिलं: नवी रचना तीच, एकच थ्रेड, पण आत सेंडएमएमएसजीऐवजी साधा सेंडटूचा लूप. कर्नलचा वाटा चाळीसवरून एकवीसवर तेवढ्यानेच आला. १६० थ्रेडांची ऊठबस थांबली, हा मोठा लाभ. बॅचने तो एकवीसवरून पंधरावर आणला. याचं कारण सेंडएमएमएसजी फक्त दारातल्या खेपा वाचवतो. आत गेल्यावर प्रत्येक पॅकेट यूडीपी, आयपी, रांग, ड्रायव्हर असा सगळा प्रवास एकेकटंच करतं. तो प्रवास वाचवायचा तर यूडीपी सेगमेंटेशन ऑफलोड आहे, लिनक्स ४.१८ पासून. एक मोठा तुकडा द्यायचा आणि शेवटच्या टप्प्यावर त्याची पॅकेटं कापून घ्यायची. क्विक (वेबसाठीचा, यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल) यासारख्या ठिकाणी ते फार उपयोगी पडतं. पण त्यात एका तुकड्याला पत्ता एकच, म्हणजे पुन्हा माझी बादलीच. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

गेल्या आठवड्यात परत फोन आला. मी आधी पर्फ उघडला, मग उचलला. चित्राची तक्रार नव्हती. "मालक अजून ४० चॅनेल घालायचं म्हणालेत. बसतील न्हवं?" हेडर (पॅकेटावरचा पत्ता वगैरे) आणि दोन पॅकेटांमधल्या मोकळ्या जागेसकट एक चॅनेल तारेवर ४.२ मेगाबिट खातो, २०० चॅनेलांचे ८४०. प्रोसेसरला जागा आहे, सर्व्हरच्या गिगाबिटच्या पोर्टला मात्र फारशी उरत नाही. दहा गिगाबिटच्या कार्डाचं कोटेशन काल पाठवलंय.