कपाविना राहिलेल्या बशा

जुन्या वस्तूंच्या दुकानात मुरलेला माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्या हातांकडे पाहावे. नवखा माणूस वस्तू समोरून न्याहाळतो, किंमत विचारतो आणि ती जागेवर ठेवून देतो. मुरलेला माणूस मात्र वस्तू हातात येताक्षणी ती उलटी करतो. फुलदाणीचा तळ, तसबिरीची पाठ, कपाटातल्या खणाची खालची बाजू ही त्याची खरी वाचनाची पाने असतात. मला ही सवय इतकी जडली आहे, की कोणाकडे पाहुणी म्हणून गेले तरी समोरची रिकामी बशी माझ्या हातून नकळत उलटी होते आणि यजमानीणबाईंना वाटते, की बशी नीट विसळली गेलेली नाही. एक-दोनदा खुलासा करून पाहिला. त्याने गैरसमज वाढलाच.

बशीचा उल्लेख सहज आलेला नाही. गेली काही वर्षे मी कपाविना राहिलेल्या बशा जमवते आहे. ‘कपबशी’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, जणू काही ती एकच वस्तू आहे. पण दोघांचे आयुष्य सारखे नसते. कप सतत उचलला जातो, त्याचा कान तुटतो, काठाचा टवका उडतो आणि तो केराच्या टोपलीत जातो, तर बशी धडधाकट मागे उरते. टाकवत नाही म्हणून ती काही वर्षे घरात राहते आणि अखेरीस जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, तशाच दहा-बारा जणींच्या चळतीत येऊन पडते. माझी बहीण पहिल्यांदा माझ्याबरोबर आली, तेव्हा मी गुडघे टेकून ती चळत उपसत बसलेली पाहून तिने विचारले होते, “अगं, कपच नाही, तर नुसती बशी कशाला?” त्या प्रश्नाचे नेटके उत्तर मला आजही देता येत नाही. एवढे मात्र खरे, की अख्ख्या संचाला मोठी किंमत पडते, त्याची मिजास वेगळी असते आणि तो फुटेल या धास्तीने माणूस तो वापरतही नाही. एकट्या बशीला कोणी विचारत नाही, म्हणून ती निवांतपणे पाहता येते.

माझ्याकडची पहिली बशी निळ्या-पांढऱ्या ‘विलो’ नक्षीची आहे. ही नक्षी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते: पाण्यावर झुकलेले वाळुंजाचे झाड, तीन माणसे चाललेला पूल, मागे उतरत्या छपरांची वास्तू, पुढे नागमोडी कुंपण आणि वर आकाशात समोरासमोर उडणारे दोन पक्षी. पाहताना ती अस्सल चिनी वाटते. प्रत्यक्षात ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये, चीनमधून येणाऱ्या भांड्यांच्या धर्तीवर तयार झाली. पळून गेलेल्या प्रेमिकांचे पक्षी झाले, ही तिच्याशी जोडलेली करुण कथाही चीनमधली नव्हे. चित्र आधी आले आणि कथा मागाहून इंग्लंडातच रचली गेली. विक्रीची कला आजची नाही, हे त्या बशीने मला शिकवले.

पण मला त्या बशीत सर्वांत जास्त आवडते ती एक चूक आहे. ही नक्षी हाताने रंगवलेली नसते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात निळा रंग भरायचा, त्याचा ठसा पातळ कागदावर उतरवायचा, तो कागद भाजलेल्या पण अजून चकाकी न दिलेल्या बशीवर घासून चिकटवायचा, मग पाण्याने कागद काढून टाकायचा आणि शेवटी वरून काचेसारखा थर चढवून पुन्हा भाजायचे, अशी ती रीत होती. मधले चित्र एका तुकड्यात बसते. काठाची पट्टी मात्र गोलाकार जुळवावी लागते आणि जिथे तिची दोन टोके एकत्र येतात तिथे नक्षी तंतोतंत जमतेच असे नाही. माझ्या बशीच्या काठावर, साधारण घड्याळातले सात वाजतात त्या जागी, एक चौकट अर्धीच आहे आणि तिच्या अंगावर शेजारचे फूल चढलेले आहे. कागद थोडा जास्त लांब कापला गेला असावा आणि कामगाराने तो तसाच दामटून बसवला असावा. मी भिंग घेऊन ती जागा कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. सगळ्या बशीत तेवढ्या अर्ध्या इंचात एक माणूस दिसतो, आणि तो घाईत आहे.

बशी उलटली की तिथे दुसरेच जग सुरू होते. तळावरचे शिक्के वाचायला लागल्यावर इतिहासातल्या सनावळ्या मला पहिल्यांदा उपयोगाच्या वाटल्या. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्याने आयात मालावर तो कोणत्या देशात बनला हे लिहिणे सक्तीचे केले, म्हणून निर्यातीच्या भांड्यावर देशाचे नाव मुळीच नसेल, तर ते त्याआधीचे असण्याची शक्यता वाढते (पुरावा नव्हे, केवळ शक्यता, कारण सगळाच माल अमेरिकेला जात नव्हता आणि कागदी लेबले तर केव्हाच धुऊन जातात). जपानी भांड्यांवर आधी ‘निप्पॉन’ असे लिहीत. १९२१ साली अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो शब्द चालणार नाही, ‘जपान’ असेच लिहा, असे ठरवले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना, म्हणजे १९५२ सालापर्यंत, तिथून बाहेर गेलेल्या पुष्कळशा वस्तूंवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का आहे. तळहाताएवढ्या, गुलाबी कळ्या रंगवलेल्या एका नाजूक बशीच्या पोटाखाली मी ही चार शब्दांची ओळ वाचली, तेव्हा काही क्षण दुकानातच उभी राहिले. हरलेल्या देशाने कळ्या रंगवल्या आणि खाली स्वतःच्या पारतंत्र्याची नोंद केली. त्या बशीला कडेला केसासारखी चीर आहे, तरीही ती मी घेतली. एरवी तडा गेलेली वस्तू न घेण्याचा माझा नियम आहे.

नियम ठोकरा खाऊनच तयार होतात. एकदा एक साखरेचे भांडे चांदीचे समजून मी मोठ्या आनंदाने घरी आणले. तळाशी ‘ई. पी. एन. एस.’ अशी चार अक्षरे होती, ती मी कारागिराची आद्याक्षरे समजले. त्यांचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा असा होतो. इंग्लंडमधल्या एल्किंग्टन घराण्याने १८४० साली या पद्धतीचे पेटंट घेतले आणि चांदीसारखी दिसणारी भांडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. ‘निकेल सिल्व्हर’ या नावात चांदी असली तरी त्या धातूत ती नावालाही नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. हे सारे मला नंतर कळले, आणि तोवर मी ते भांडे घासघासून चमकवण्याच्या नादात त्याच्या एका बाजूचा मुलामा पार उडवला होता. खालचा पिवळसर करडा धातू आजही माझ्याकडे पाहत असतो. दोष दुकानदाराचा नव्हता; त्याने ते भांडे चांदीचे आहे असे कधीच म्हटले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. तेव्हापासून जुन्या धातूच्या वस्तूवर कोमट पाणी आणि मऊ फडके यापलीकडे हात चालवायचा नाही, असे ठरवले आहे. शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक एका दुपारी उतरवता येते. परत चढवायला पुन्हा शंभर वर्षे लागतात.

माझ्या पिशवीत नेहमी एक छोटे लोहचुंबक, एक भिंग, मोजपट्टी आणि नखाएवढी विजेरी असते. पितळी म्हणून मांडलेल्या वस्तूला चुंबक चिकटले, तर आत लोखंड आहे आणि पितळ फक्त वरवरचे, हे उघड होते. बोन चायना म्हणजे ज्या मातीत हाडांची राख मिसळलेली असते ती चिनी माती. तिची बशी उजेडासमोर धरली तर मागे टेकलेल्या बोटांची सावली पुढून दिसते, आणि मला तो खेळ अजून शिळा झालेला नाही. काचेच्या वस्तूवर साच्याची उभी रेघ हाताला लागली, तर ती ओतून दाबलेली काच. खरोखर कापलेल्या काचेच्या कडा बोटाला धारदार लागतात. एक जांभळ्या उजेडाची विजेरीसुद्धा मी घेतली आहे, कारण पूर्वी काचेला पिवळट हिरवा रंग यावा म्हणून तिच्यात थोडे युरेनियम घालत आणि अशी काच अतिनील प्रकाशात गर्द हिरवी पेटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरेनियमवर सरकारी ताबा आला आणि हा उद्योग थंडावला. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या फळीवर विजेरी फिरवावी आणि धूळ खात पडलेल्या वीस भांड्यांतले एकच एकदम उजळावे, हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला माझे वेड पटणार नाही. असे भांडे शोभेला ठेवायला हरकत नाही. खाण्यापिण्यासाठी मी ते वापरत नाही, आणि जुन्या रंगीत चिनी मातीच्या बाबतीतही तेच, कारण जुन्या रंगांत आणि झिलईत शिसे असू शकते.

लाकडी सामान मी क्वचितच घेते, कारण घर तेवढेच आहे. पण खण ओढून त्याच्या कोपऱ्यातले डोव्हटेल सांधे, म्हणजे दोन फळ्यांचे एकमेकांत अडकवलेले दात, पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाताने कापलेल्या सांध्यांची दाते थोडी लहानमोठी असतात, यंत्राची एकसारखी. लाकडात बारीक भोके असतील आणि त्याखाली ताजी, फिकट भुकटी पडलेली असेल, तर वस्तू कितीही देखणी असो, भुंगा आत जागा आहे असे समजून हात मागे घ्यावा. एका मोहाच्या पेटीमुळे घरचे सगळे कपाट पणाला लावण्यात शहाणपण नाही.

या दुकानांत जाण्याची एक रीत असते आणि ती नेहमीच्या खरेदीच्या नेमकी उलट आहे. काही तरी हवे म्हणून गेले, की ते मिळत नाही. दिवाणखान्यासाठी आरसा शोधत मी जवळजवळ वर्षभर हिंडले आणि त्या वर्षात आरसा सोडून सगळे काही दिसले. इंटरनेटवर शोधताना आपल्याला वस्तूचे नाव आधी ठाऊक असावे लागते. इथे अशा वस्तू भेटतात ज्यांना नाव असते हेच आपल्याला माहीत नसते. त्यामुळे रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस बरेच, आणि त्या दिवसांचे मला वाईट वाटत नाही. वस्तू आवडली तर ती तिथेच ठेवून मी दुकानाला एक पूर्ण फेरी मारते. फेरी संपेपर्यंत ती डोक्यातून गेली नाही, तरच घेते. या नियमापायी एक निळ्या काचेची शाईची दौत माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बाईंनी उचलली. त्यांनीही ती आधी उलटी करून पाहिली, त्यामुळे रागावताही आले नाही.

थोडी अस्वस्थताही या छंदात आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तसबिरीची चौकट घ्यायला जावे, तर आत कोणाचे तरी लग्नाचे छायाचित्र तसेच असते. चौकट मला हवी असते, ते दोघे नको असतात. आणि त्यांना काढून दुकानदाराच्या हाती देताना आपण काही अनुचित करतो आहोत असे वाटत राहते. दोनदा मी चौकट न घेताच बाहेर पडले आहे. बशांचे तसे नाही. त्या कोणाच्या होत्या हे त्या सांगत नाहीत.

घरी आणलेल्या बशांपैकी नऊ आज स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर, तारेच्या पकडींत टांगलेल्या आहेत. सारख्या अंतरावर लावायचा प्रयत्न पहिल्या दिवशी फसला, मग मी त्या जमिनीवर मांडून, खुर्चीवर उभी राहून, वरून पाहत हव्या तशा सरकवल्या आणि तशाच भिंतीवर चढवल्या. बाकीच्या कामाला लागल्या आहेत: एकीत किल्ल्या, एकीत साबण, दोन कुंड्यांखाली, एक शिवणाच्या टाचण्यांना.

मागच्या महिन्यात बहिणीने मला एक पुडके आणून दिले. आत ‘विलो’ नक्षीचा एक कप होता, कान शाबूत, काठ कोरा. ती आता स्वतःच खालच्या फळ्या उपसते. मी भिंतीवरून पहिली बशी उतरवली आणि कप तिच्यावर ठेवला. ही नक्षी शेकडो कारखान्यांनी काढली, प्रत्येकाचा निळा वेगळा. कपाचा निळा किंचित जांभळ्याकडे झुकणारा निघाला आणि त्याचे बूड बशीच्या मधल्या खळग्यापेक्षा मोठे होते. तो एका बाजूला कलून थांबला. आम्ही दोघींनी तो जरा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवून पाहिला, मग बहिणीने माझ्या टेबलावरच्या पेन्सिली गोळा करून त्यात उभ्या केल्या आणि मी बशी परत खिळ्याला लावली.