वादळ कुणी पाहिलं?

गेल्या दिवाळी अंकात आम्ही किम फिल्बीवर, ब्रिटिश हेरखात्यात राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणाऱ्या माणसावर, एक मोठा लेख छापला. वाचकांना तो आवडला, अजूनही कुणी भेटलं की त्याचा विषय निघतो. त्यातला एक प्रसंग कसा छापावा यावरून, अंक छपाईला जायच्या दिवशीच, लेखकाचा आणि माझा वाद झाला. तो वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी अंकाची उपसंपादक. बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. प्रत्यक्षात मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये गेला की ‘ॲ’च्या जागी चौकोन येतात, ‘ऱ्या’ फुटतो, आणि फुटलेलं अक्षर नेमकं विशेषनामात असतं. परदेशी विषयावरचा लेख असेल तर एकच माणूस तीन नावांनी वावरतो. या लेखात वोल्कोव, व्होल्कॉव आणि वॉल्कोव असे तिघं होते. ते एक करून घेणं, तारखा जुळवणं, आणि प्रत्येक विधान कुणाच्या भरवशावर केलंय ते तपासणं हे माझं खरं काम. या शेवटच्या कामाला आपल्याकडे कुणी पैसे देत नाही, वेळ तर त्याहून देत नाही. जाहिरातींची पानं शेवटच्या रात्रीपर्यंत येत राहतात, त्यांच्यासाठी छपाईचा फॉर्म थांबतो. तपासणीसाठी थांबलेला मी पाहिलेला नाही.

माझी पद्धत साधी आहे. प्रूफ कागदावर काढायचं. ज्या वाक्याला एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार आहेत, त्याखाली हिरवी रेघ. एकच आधार असेल तर निळी. आणि ज्याची गोष्ट चालली आहे त्याच्याच तोंडचा आधार असेल तर लाल.

फिल्बीच्या लेखात हिरव्या रेघा भरपूर पडल्या. जन्म अंबाल्यात, १ जानेवारी १९१२. वडील आयसीएस अधिकारी, पुढे सौदी अरेबियाचा राजा इब्न सौद याचे सल्लागार. केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. १९३४ मध्ये लंडनमध्ये सोव्हिएत हेरखात्यानं त्याला आपल्या बाजूला घेतलं. स्पेनच्या यादवीत तो ‘द टाइम्स’चा वार्ताहर म्हणून बंडखोर जनरल फ्रँकोच्या फौजांबरोबर होता. १९३७ च्या शेवटच्या दिवशी गाडीजवळ तोफगोळा पडून सोबतचे तीन पत्रकार गेले, हा वाचला, आणि मार्च १९३८ मध्ये खुद्द फ्रँकोनं त्याच्या छातीवर पदक लावलं. १९४० मध्ये तो ब्रिटिश हेरखात्यात शिरला आणि १९४४ मध्ये सोव्हिएत हेरगिरीविरुद्धच्या नव्या विभागाचा प्रमुख झाला. १९५१ मध्ये बर्जेस आणि मॅक्लीन हे सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारे दोन ब्रिटिश अधिकारी पळाले, तेव्हा त्यांना सावध करणारा ‘तिसरा माणूस’ म्हणून संशय याच्यावर आला. ७ नोव्हेंबर १९५५ ला परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी पार्लमेंटमध्ये त्याला निर्दोष ठरवलं. १९५६ पासून तो बैरुतमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘इकॉनॉमिस्ट’चा बातमीदार होता. २३ जानेवारी १९६३ च्या रात्री तिथून नाहीसा झाला आणि मॉस्कोत निघाला. १९६८ मध्ये आत्मकथन, ‘माय सायलेंट वॉर’. ११ मे १९८८ ला मृत्यू.

निर्दोष ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या फ्लॅटमध्ये त्यानं घेतलेल्या पत्रकार परिषदेची फिल्म उपलब्ध आहे. लेखातली वाक्यं तपासायला मी ती थांबवत थांबवत पाहिली. कम्युनिस्ट आहे हे माहीत असताना आपण एखाद्या कम्युनिस्टाशी शेवटचं बोललो ते १९३४ मध्ये, असं तो शांतपणे सांगतो. अडचणीचा प्रश्न आला की सरकारी गुपितांचा कायदा पुढे करतो. त्या खोलीतले बातमीदार माझ्या व्यवसायातले होते म्हणून मला ते जास्त लागलं. समोरचा सभ्य आहे, चांगल्या घरातला आहे, हसतो छान, आणि काल पार्लमेंटनं त्याला सोडलंय, एवढ्यावर ते समाधानानं परतले. पुढच्याच वर्षी परराष्ट्र खात्यानं शब्द टाकला आणि एका प्रतिष्ठित वृत्तपत्रानं त्याला बैरुतचं काम दिलं. वाचकाला यातलं काही कळायचा मार्ग नव्हता. बातमीच्या वर नाव छापलेलं असतं ते विश्वासाचं म्हणून असतं, असं मला शिकवलं गेलं आहे, आणि मी ते मानते.

मग लाल रेघा सुरू झाल्या. सगळ्यांत जास्त लाल झालं ते इस्तंबूलचं पान.

प्रसंग १९४५ चा, महायुद्ध संपता संपताचा. कॉन्स्टन्टिन व्होल्कोव हा इस्तंबूलच्या सोव्हिएत वकिलातीतला उपवाणिज्यदूत, खरा सोव्हिएत हेरखात्याचा अधिकारी. तो ब्रिटिश वकिलातीत आला आणि आश्रय व पैशांच्या मोबदल्यात नावं द्यायला तयार झाला. लंडनमधल्या सोव्हिएत हेरांची नावं. त्यांतला एक ब्रिटिश प्रतिहेरगिरीच्या एका विभागाचा प्रमुख आहे, असंही त्यानं सांगितलं. अट एकच, की याबद्दल तारेनं काही कळवू नका, कारण तुमच्या सांकेतिक तारा वाचल्या जातात. म्हणून कागद टपालाच्या थैलीतून लंडनला गेले, त्यात दिवस गेले, आणि हेरखात्याच्या प्रमुखानं ते फिल्बीच्याच हाती ठेवले. त्यानं आपल्या सोव्हिएत संपर्काला कळवलं आणि मग हे प्रकरण स्वतः हाताळायला इस्तंबूलला निघाला. तो तिथे पोहोचून चौकशी सुरू झाली तेव्हा व्होल्कोव हातातून गेलेला होता. त्याला पट्ट्यांत गुंडाळून, स्ट्रेचरवरून सोव्हिएत विमानात चढवलं गेलं. तो आणि त्याची बायको पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

आमच्या लेखकानं हे एखाद्या रहस्यकथेसारखं रंगवलं होतं. माल्टावर विजांचं वादळ, त्यामुळे विमान ट्यूनिसला वळवावं लागलं, मुक्काम वाढला. इस्तंबूलला पोहोचावं तर राजदूत सुट्टीसाठी आपल्या नौकेवर. वाचताना श्वास रोखला जातो, हे मीही कबूल करते. पण ते वादळ आणि ती नौका लेखाच्या स्वतःच्या आवाजात आली होती, जणू लेखक त्या विमानात बसला होता. मी शोधत गेले. हाताशी असलेली चरित्रं काढली. चार जणांनी वादळ लिहिलंय, पण चौघांनी पाणी एकाच विहिरीचं काढलंय, आणि ती विहीर म्हणजे फिल्बीचं पुस्तक. मॉस्कोत बसून, केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याच्या, नजरेखाली लिहिलेलं.

मी लेखकाला फोन केला. वयानं मोठे, आयुष्य वृत्तपत्रात गेलेलं, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले आहे.

“सर, वादळाला दुसरा आधार आहे का?”

“अगं, तो स्वतः त्या विमानात होता. त्याच्याहून कुणाला ठाऊक असणार?”

“म्हणूनच विचारतेय. उशीर झाल्याचा फायदा त्यालाच होता. वादळ आपण आपल्या तोंडानं सांगितलं की तो उशीर निसर्गाच्या नावावर जातो.”

ते चिडले. पुस्तकाला कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनची प्रस्तावना आहे, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, ग्रीननं युद्धात फिल्बीच्याच हाताखाली काम केलेलं, तो त्याचा मित्र. मग त्यांनी २०१६ मध्ये उजेडात आलेल्या फिल्मचा दाखला दिला. १९८१ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये फिल्बीनं तिथल्या गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांपुढे भाषण दिलं होतं, ते बीबीसीला सापडलं. हेरखात्याच्या दप्तरखान्याच्या माणसाशी पिण्याची दोस्ती करून आपण फायली कशा मिळवल्या, हे तो त्यात सांगतो, आणि दप्तरखानेवाल्याबरोबरची ती दोस्ती पुस्तकातही आहे. “झाले की दोन आधार,” सर म्हणाले. मी म्हटलं, “साक्षीदार एकच आहे सर, तो दोनदा बोलला आहे.” याच भाषणात तो अधिकाऱ्यांना सल्ला देतो, की काहीही झालं तरी कबुली देऊ नका. नाकारत राहायला शिकवणाऱ्या माणसाच्या शब्दावर एक आख्खं पान उभं करायला माझा हात धजेना.

यावर सरांनी जे उत्तर दिलं ते माझ्याकडून अजून खोडलं गेलेलं नाही. ते म्हणाले, “तुझ्या लाल रेघा मानल्या तर हेरांबद्दल काही लिहिताच येणार नाही. आणि व्होल्कोवबद्दल सामान्य वाचकाला कळलं ते मुख्यतः या माणसानं लिहिल्यामुळे. तू फिल्बीला गप्प केलंस तर व्होल्कोवही गप्प होतो.”

तिकडे डीटीपीवाले दादा फाइल बंद करायला थांबले होते, छापखान्यातून फोन येत होते. संपादकांनी निर्णय माझ्यावर सोडला. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. श्रेयनामावलीत त्यांचं नाव वर असतं, पण अवघड क्षणी ते दुसऱ्या खोलीत असतात.

मी वादळ ठेवलं, पण त्याच्या आधी ‘फिल्बी सांगतो’ घातलं. नौकेच्या आधीही घातलं. वाक्यांचा वेग पडला, ते मला वाचतानाच कळलं. मग व्होल्कोवसाठी आणखी जागा हवी झाली. मूळ लेखात तो नाहीसा झाल्यावर फक्त दोन ओळी होत्या. त्यानं घातलेली अट, ती अट न पाळल्यास काय होईल याची त्याला असलेली जाणीव, बायकोचंही आयुष्य त्यानं पणाला लावलं होतं हे, असं सगळं मी सरांना फोनवर वाचून दाखवत लिहिलं. ते ऐकत होते, शब्द सुचवत होते, रागातही. आठ-दहा ओळी वाढल्या आणि पान उतू गेलं.

काढायला एकच गोष्ट होती. बैरुतमध्ये फिल्बी आणि त्याची बायको एलिनॉर यांनी कोल्ह्याचं पिल्लू पाळलं होतं, जॅकी नावाचं. ते बाल्कनीतून पडून मेलं, तेव्हा तो फार खचला. त्या कोल्ह्यावर त्यानं एका इंग्रजी मासिकात लेखही लिहिला. त्या दुःखाला साक्षीदार आहेत, रेघ हिरवी होती. सरांचा तो आवडता परिच्छेद. मी तो काढला. कोल्ह्याला संपूर्ण परिच्छेद आणि व्होल्कोवच्या बायकोला एक शब्द नाही, असं पान माझ्या हातून जाऊ द्यायचं नव्हतं. सर फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “काढ.”

अंक आला. पत्रं आली, फोन आले. जवळजवळ सगळ्यांना फिल्बीचं धाडस भावलं, ‘काय डोकं असेल’ हे वाक्य मी वारंवार ऐकलं. वाचकांवर माझा यात राग आहे. इतकी माणसं याच्यामुळे गेली हे लेखात लिहिलेलं असताना डोक्याचंच कौतुक का सुचावं? आणि मग मला वाटतं, चूक वाचकाची तरी किती? आपलं म्हणणं मांडणारं पुस्तक फक्त एका बाजूचं आहे, ते उत्तम लिहिलेलं आहे, आणि ज्याला स्ट्रेचरवरून नेलं त्याला लिहायला कुणी कागद दिला नाही. ‘फिल्बी सांगतो’ हे दोन शब्द या असमतोलापुढे काहीच नाहीत. सरांचा मुद्दा इथेच मला पुन्हा गाठतो.

आता सर आपल्या हेरकथांचं पुस्तक करताहेत आणि संपादन मीच करावं असा त्यांचा आग्रह आहे. कोल्हा परत घ्यायचा आहे, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. पुस्तकात जागा आहे, माझी हरकत नाही. माझी अट वेगळी आहे. फिल्बीचं प्रकरण अंबाल्यापासून सुरू न करता इस्तंबूलच्या त्या वकिलातीपासून सुरू करावं, व्होल्कोव आत येतो तिथून, आणि फिल्बी पुढे त्याच्या फायलीतून वाचकाला भेटावा. मी तसा पहिल्या चार पानांचा मसुदा करून त्यांच्याकडे दिला आहे. त्यांनी तो ठेवून घेतला आहे, हो किंवा नाही अजून कळवलेलं नाही.