मागच्या चाकांची पकड: पाट्यांचं काम झालं, आता डिफरेन्शियल

हौदा रिकामा असला की पिकअपचं बरंचसं वजन पुढच्या चाकांवर असतं आणि इंजिनाचा जोर जातो मागच्यांना. ओल्या चढावर माझं मागचं उजवं चाक जागीच फिरायचं. बहुतेक वेळा उजवंच, कारण प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याच्या) पिळामुळे त्या बाजूचा भार कमी होतो.

वाळूची पोती टाकून झाली. ती बरोबर ॲक्सलवर (मागच्या दोन चाकांमधल्या आसावर) ठेवा. टेलगेटपाशी ठेवली तर पुढचा भार उचलला जाऊन स्टिअरिंग हलकं पडतं. आणि करकचून बांधा, नाहीतर ब्रेक मारताच केबिनवर आदळतील. पकड वाढते, पण कायम वाळू वाहायची माझी तयारी नाही.

या वेळचं खरं काम म्हणजे चाकांचं नाचणं बंद करणं. जोर दिला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटे (ॲक्सलला धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाकतात, पिनियनचं (शाफ्टचा जोर ॲक्सलला देणाऱ्या छोट्या गिअरचं) नाक वर जातं. चाकाची पकड सुटली की पाटे झटक्यात सरळ होतात, चाक पुन्हा पकडतं, पाटे पुन्हा वाकतात. हीच ती धडधड. शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटची वाट लागते ती अशानेच. पाट्यांचे बुश बदलले, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळले आणि ॲक्सलचं फिरणं रोखणारा ट्रॅक्शन बार बसवला. बारचं पुढचं टोक चेसिसला शॅकलवर (हलत्या कडीवर) टांगलंय. ॲक्सल वर-खाली होताना बार आणि पाटे वेगवेगळ्या कमानीत फिरतात. शॅकल नसेल तर सस्पेन्शन अडकतं.

धडधड गेली. एकच चाक फिरणं मात्र तसंच आहे, आणि ते अपेक्षितच होतं. ओपन डिफरेन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा साधा गिअरसंच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणजे घसरणारं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याला. हँडब्रेक थोडा ओढण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पण तो दोन्ही चाकांना सारखाच आवळतो, त्यामुळे पकड असलेल्या चाकाला जे जास्त मिळतं ते तिथलाच ब्रेक खातो.

दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर नको, गाडी रोज डांबरी रस्त्यावर असते. गिअरवाली लिमिटेड स्लिप (एका चाकाचं घसरणं मर्यादित ठेवणारं डिफरेन्शियल) चांगली, पण चाक हवेत गेलं की तिचाही फारसा उपयोग नाही. म्हणून क्लच प्लेटवालीच घेतोय. सुरुवातीचा ताण स्प्रिंगचा असल्याने ती तिथेही थोडं काम करते. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागेल, नाहीतर वळणावर प्लेटा कुरकुरतात. हाउसिंग उघडलं की आधी क्राउन-पिनियनचा (मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा) बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांवरचा ठसा तपासून नोंदवणार, मगच डिफरेन्शियलचा जुना केस (कवच) बाहेर.