आमची वाटचाल: पानगळीतील बागकाम

फुलांच्या दिवसांत कोणीही बाग सांभाळतो. पानगळ सुरू झाली की माळ्याचे कसब कळते, आणि आमच्या व्यवसायावरचा सर्वांत कठीण काळही याच हंगामात आला.

सुरुवातीला माझ्याकडे आणि माझ्या भागीदाराकडे सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, दाताळे आणि उसनी हातगाडी एवढेच सामान होते. पहिली काही वर्षे सुरळीत गेली. मग एका स्पर्धकाने निम्म्या दरात संपूर्ण सफाई देऊ केली. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारे, पाला वाऱ्याने उडवणारे ब्लोअर होते आणि एका दुपारीत बाग चकचकीत करून दाखवण्याची हातोटी होती. आमचे बहुतेक ग्राहक तिकडे वळले; पाठोपाठ भागीदारही गेला, आणि जाताना ग्राहकांच्या पत्त्यांची वही घेऊन गेला, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या हंगामात एका निवृत्त प्राध्यापिका बाईंच्या बागेने आम्हाला तारले. त्यांच्याकडे आम्ही हिरवळीवरचा पाला दाताळ्याने गोळा करत असू, कारण त्याखाली गवत गुदमरते. तो ओला करून जाळीच्या पिंजऱ्यात रचला की एक ते दोन वर्षांत त्याचे उत्तम खत होते. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पाने मात्र त्यात जाऊ दिली नाहीत. थंडीने पाने काळवंडल्यावर डेलियाचे कंद काढून, पोकळ देठांतील पाणी निथळावे म्हणून ते उलटे ठेवून वाळवले. शेजारी एका दुपारीत उरकते ते तुम्हाला आठवडाभर का पुरते, असे बाईंनी कधीही विचारले नाही, आणि बिलही वेळेआधी चुकते केले.

स्पर्धकाने मात्र लिलॅक आणि फोर्सिथिया यांचीही सरसकट छाटणी केली होती. ही झुडपे मागील हंगामातील फांद्यांवर फुलतात, म्हणजे वसंतातील फुलांच्या कळ्या पानगळीतच फांदीवर तयार असतात. त्या कळ्या कचऱ्याच्या गोण्यांत गेल्या आणि वसंतात त्या बागांमध्ये नुसती पाने आली. गेलेले ग्राहक एकेक करून परतले; दिलगिरी कोणीच व्यक्त केली नाही, उलट जुनाच दर राहील ना, अशी विचारणा मात्र सर्वांनी केली.

कोणी विचारले नसले तरी सांगतो: चेरी आणि आलुबुखार यांना या हंगामात कात्री लावू नये, कारण ताज्या जखमांतून सिल्व्हर लीफ रोगाची बुरशी शिरते, त्यांची छाटणी उन्हाळ्यात करावी. हिरवळीला आता नत्र भरपूर असलेले खत देऊ नये, कोवळी वाढ थंडीत टिकत नाही. डॅफोडिलचे कंद त्यांच्या उंचीच्या दोन ते तीनपट खोल लावावेत. रोगट फांदी कापल्यावर सिकेटरचे पाते स्पिरिटने पुसावे आणि दिवसअखेर त्याला तेल लावावे. आमच्या जुन्या सिकेटरची स्प्रिंग बदलली आहे, पण पाते अजून मूळचेच आहे. ब्लोअर आता आम्हीही घेतला आहे, परंतु तो फरसबंदीपुरताच वापरतो. वाफ्यांत तो नेण्याची आमच्या माळ्यांना परवानगी नाही.