टोपणनावांची गंमत

आज दिवसभर पाऊस, घरूनच काम. दुपारी जेवण झाल्यावर 'ट्वेंटी-फाइव्ह ओ'क्लॉक' लावलं आणि संध्याकाळपर्यंत तीनदा ऐकलं. सहाच तर गाणी!

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या एक्सटीसी या बँडने १९८५ च्या १ एप्रिलला, म्हणजे एप्रिल फूलच्या दिवशी, ही रेकॉर्ड काढली. नाव मात्र भलतंच, 'द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटॉस्फिअर'. अँडी पार्ट्रिज झाला 'सर जॉन जॉन्स', कॉलिन मोल्डिंग 'द रेड कर्टन', डेव्ह ग्रेगरी 'लॉर्ड कॉर्नेलियस प्लम'. साठच्या दशकातल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या स्वप्नासारख्या वाटणाऱ्या, संगीताची नक्कल करायची, एवढाच बेत. उलटे फिरवलेले आवाज, मेलोट्रॉन हे टेपवरचे सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य, भन्नाट शब्द, सगळं त्यात आलं. पैसेही बेताचेच होते.

आणि लोकांना ते आवडलं! ब्रिटनमध्ये ही गंमत बँडच्या आदल्या वर्षीच्या 'द बिग एक्सप्रेस' या खऱ्या अल्बमपेक्षा जास्त खपली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पार्ट्रिजसाठी वाईट वाटलं होतं. इतक्या कष्टाने केलेलं मागे पडावं आणि थट्टेत केलेलं पुढे जावं?

आज मात्र तसं वाटलं नाही. ही थट्टा नाहीच मुळी. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याचीच इतकी बारकाईने नक्कल करता येते. मोल्डिंगचं 'व्हॉट इन द वर्ल्ड' ऐकताना तर नक्कल आहे हे मी विसरूनच गेले.

१९८७ मध्ये त्यांनी याच नावाने 'सॉनिक सनस्पॉट' काढला. तो उद्या.