दिसेनासा झालेला अनुस्वार

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत आमचा छापखाना आहे. तिथे मी गेली १९ वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं काम, करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, सगळं मॅटर माझ्या हाताखालून जातं. शुगर १२ वर्षांपासून आहे.

यंदा पौष संपत आला होता आणि माघातल्या लग्नांच्या पत्रिकांचा ढीग टेबलावर होता. एका पत्रिकेत मला एक जास्तीचा अनुस्वार दिसला. कर्सर नेऊन खोडायला गेले तर ते टिंब सरकलं. स्क्रीन पुसली, तरी टिंब पुढच्या ओळीवर. मग सहज उजवा डोळा झाकला आणि टिंब नाहीसं झालं. दोन दिवसांनी त्या टिंबाचा धागा झाला, काळा, पाण्यात केस तरंगावा तसा. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

मी दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर तपासत होते आणि त्यालाच डोळ्यांची तपासणी समजत होते. बाहुल्या मोठ्या करून आतला पडदा कुणी कधी पाहिलाच नव्हता. शुगर असलेल्या माणसाने हे वर्षातून एकदा करायचंच असतं, हे मला १२ वर्षांत कळलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. माझ्या धाकट्या बहिणीलाही शुगर आहे. तिला मी त्याच आठवड्यात हाताला धरून तपासायला नेलं.

तपासण्या झाल्या. हातातून पिवळं औषध सोडून पडद्याचे फोटो काढले, दिवसभर लघवी केशरी होत होती. निदान निघालं प्रोलिफरेटिव्ह डायबेटिक रेटिनोपॅथी. रेटिनाच्या, म्हणजे पडद्याच्या, डॉक्टर मॅडमनी कागदावर गोल काढून समजावलं. शुगरमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. जिथे रक्त पोचत नाही तो भाग नव्या वाहिन्या उगवायला लावतो. त्या कच्च्या असतात, जराशाने फुटतात आणि डोळ्यात रक्त सांडतं. माझं टिंब म्हणजे असंच सांडलेलं थोडं रक्त होतं. लेझरने पडद्याच्या कडेचा भाग ठिपक्याठिपक्याने भाजतात. तेवढ्या भागाची प्राणवायूची मागणी कमी होते आणि नव्या वाहिन्या सुकतात. "मधली नजर राखायला कडेची थोडी द्यायची," मॅडम म्हणाल्या. "यानं दिसणं सुधारणार नाही. आहे ते टिकवायचंय."

एका डोळ्याला साधारण १२०० ते १६०० ठिपके लागतात. माझ्या उजव्या डोळ्याचे तीन वेळा ठरले, डाव्याचे दोन वेळा. बधिर करायचे थेंब घातले, हनुवटी स्टँडवर, डोळ्यावर जेल लावलेलं भिंग, आणि मग हिरवा लखलखाट. बहुतेक ठिपके कळतही नाहीत, पण डोळ्याच्या डाव्या-उजव्या कडेला गेले की आत टाचणी टोचल्यासारखं होतं. तिथून नसा जातात म्हणे. संपल्यावर काही मिनिटं सगळी खोली जांभळट गुलाबी दिसली. पहिल्या दिवशी यापलीकडे त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाहुल्या पूर्ववत झाल्या होत्या, म्हणून मी छापखान्यात गेले.

भांडी बाजारातून चालत जाते मी रोज. दुकानांच्या पायऱ्यांवर तांब्याचे हंडे, पितळी समया, घंगाळी मांडलेली असतात. त्या दिवशी सकाळचं ऊन त्या भांड्यांवरून थेट डोळ्यात घुसलं. डोळे मिटले तरी आत लाल. एका दुकानदारदादांनी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. लहानपणापासून ज्या गल्लीत मला डोळे झाकून चालता येईल असं वाटायचं, तिथे मी डोळे झाकून बसले होते.

छापखान्यात पोचून कॉम्प्युटर चालू केला तर कोरेलचं, म्हणजे पत्रिका जुळवायच्या प्रोग्रॅमचं, कोरं पांढरं पान उघडलं, आणि तेही तसंच. जणू कुणी टॉर्च मारतंय. त्या पांढऱ्यावर अक्षरं होती, पण बारीक गोष्टी उजेडात विरघळल्या होत्या. काना दिसायचा, वेलांटी दिसायची, अनुस्वार दिसायचा नाही. रफार कुठे संपतो ते कळायचं नाही. जवळचं नीट बघायला गेलं की नजर स्थिर व्हायला वेळ लागायचा.

मी काय केलं, तर काळा गॉगल आणला आणि तो घरात, छापखान्यात, स्वयंपाक करतानासुद्धा घालून ठेवला. पहिले दोन दिवस बरं वाटलं. दहाव्या दिवशी गॉगल काढला की फ्रिजमधला दिवाही सहन होईना. दुसऱ्या वेळच्या लेझरला गेले तेव्हा मॅडमनी आधी तो काढायला लावला. डोळ्याला सतत अंधारात ठेवलं की तो अंधाराला सरावतो, मग साधा उजेडही टोचतो. गॉगल उन्हात, घरात नाही. त्यांनी हेही सांगितलं की बाहुली लहानमोठी करणाऱ्या आणि जवळचं नेमकं दिसायला मदत करणाऱ्या नसांना लेझरचा धक्का बसू शकतो. म्हणून उजेड सोसत नाही. शिवाय लेझरनंतर उजेडातून अंधारात जाताना डोळ्याला वेळ लागतो, फिकट आणि गडद यांतला फरक कमी कळतो. बराचसा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, थोडा राहतोही. आणि स्क्रीनमुळे पडद्याला इजा होत नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा विचारून घेतलं. माझं पोट त्यावर आहे.

घराबाहेरचा प्रश्न लवकर सुटला. नाशिकच्या मुली उन्हाळ्यात गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतात, तसा मी बांधतेच. त्याखाली मुलाची क्रिकेटची टोपी घालायला लागले. ऊन वरून येतं आणि गॉगलच्या वरच्या फटीतून घुसतं. ती फट टोपीच्या पुढच्या पट्टीने बुजली. गॉगलही काळा बदलून कडांनी वळलेला तपकिरी काचेचा घेतला.

कामाच्या जागी जे हवं होतं ते मला कुणी सांगू शकलं नाही, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांना पत्रिका कशी लागते, म्हणजे तिची अक्षरं कशी जुळवतात, ते माहीत नसतं आणि छापखान्यातल्या लोकांना डोळ्यात काय झालंय ते माहीत नसतं. ते मीच एकेक करून शोधलं.

माझ्या स्क्रीनच्या मागे पश्चिमेची खिडकी होती. म्हणजे दुपारी चारनंतर मी स्क्रीनकडे नाही, सूर्याकडेच बघत बसायचे. १९ वर्षं ते टेबल तसंच होतं. भाऊंना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं. त्यांनी काहीही न विचारता दोघांना बोलावून टेबल फिरवलं, खिडकी बाजूला आली. डोक्यावरची उघडी ट्यूबलाइट बंद केली आणि एक टेबललॅम्प भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंतीवरून येणारा उजेड अंगावर येत नाही. खोली अंधारी ठेवून फक्त स्क्रीन चालू ठेवणं मात्र सगळ्यात वाईट, तेही करून पाहिलं होतं.

स्क्रीनचा ब्राइटनेस मी आधी अगदी तळाला नेला होता. त्याने डोळ्यांना थंड वाटलं, पण काळं आणि पांढरं यांतलं अंतरच संपलं आणि मी आणखी चुका करायला लागले. आता स्क्रीनशेजारी कोरा कागद धरते. स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी उजळ दिसली तर कमी करते, राखेसारखी दिसली तर वाढवते. दुपारी आणि संध्याकाळी वेगवेगळं ठेवावं लागतं.

डार्क मोड सगळे सांगतात. मला चालला नाही. काळ्यावरची पांढरी अक्षरं फुलायची, शेजारचे दोन काने एक व्हायचे. मोबाइलवरचे छोटे मेसेज ठीक, पण देवनागरीचं बारीक काम नाही. रंग पिवळट करणारा नाइट लाइट संध्याकाळी बरा वाटतो, पण पत्रिकेचा कुंकवाचा लाल तपासताना तो बंद करावाच लागतो, नाहीतर विटकरी छापून येतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते कोरेलच्या पानाचा रंग बदलणं. पेज बॅकग्राउंडमध्ये फिकट राखाडी रंग द्यायचा, त्यावर अक्षरं काळीच. टोचणारा पांढरा गेला आणि फरकही शिल्लक राहिला. तिथेच बॅकग्राउंड प्रिंट आणि एक्स्पोर्ट करण्याचा एक चौकोन असतो, त्यातली टिक आठवणीने काढायची. पहिल्यांदा मी ती काढली नाही आणि प्लेटसाठी काढतात ते ट्रेसिंग सबंध दाण्यादाण्यांचं निघालं. प्लेट करणाऱ्या काकांनी ते वेळीच परत आणून दिलं. आणि झूम २०० टक्के. बाकी ठिकाणी विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं, पतसंस्थांच्या आकड्यांना ते लागतं.

ही व्यवस्था पुरती बसायच्या आधी, मार्चमध्ये, एक पत्रिका माझ्या हातून चुकीची गेली. मुलीकडचं आडनाव शिंदे. छापलं गेलं शिदे. ४०० पत्रिका. मुलीचे वडील एक पत्रिका हातात घेऊन आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, आमचं नावच गेलं की यातून." ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पहिली पत्रिका सप्तशृंगी देवीपुढे ठेवली होती. भाऊंनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि माझ्या पगाराला हात लावला नाही. मी त्या रात्री जेवले नाही.

त्यानंतर मी एक चूक केली जी त्या अनुस्वारापेक्षा मोठी होती. उजव्या डोळ्याचं तिसरं लेझर बाकी होतं, ते मी पुढे ढकललं. प्रत्येक वेळी उजेडाचा त्रास थोडा वाढतो, आणखी एकदा केलं तर कामच जाईल, असं मनाने घेतलं. फोन करून सांगितलं की सीझन आहे, नंतर येते. तीन आठवडे गेले. एका सकाळी देवासमोर दिवा लावताना त्याच डोळ्यात काजळीसारखे ठिपके उतरले. त्याच दिवशी रिक्षा करून गेले. नशिबाने रक्त थोडंच होतं. मॅडम रागावल्या नाहीत, पण आवाज चढला. "अर्धवट लेझर म्हणजे अर्धी विझवलेली आग. राहिलेल्या भागातून वाहिन्या फुटतच राहणार." मी शिद्यांचा, म्हणजे शिंद्यांचा, सगळा प्रसंग सांगितला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अनुस्वार दिसत नाही त्यावर उपाय काढता येईल. रक्तानं डोळा भरला तर पानच दिसणार नाही." त्याच आठवड्यात तिसरं लेझर झालं. अचानक खूप ठिपके आले, पडदा ओढल्यासारखा काळोख आला किंवा डोळा जोरात दुखला तर वेळ न बघता यायचं, हे त्यांनी मुलालाही बजावलं.

एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.८ होतं, ते आता ७.४ वर आलं आहे. फार झपाट्याने खाली आणलं तर रेटिनोपॅथी काही काळ बिघडूही शकते, म्हणून शुगरच्या डॉक्टरांनी बेताबेताने उतरवलं. बीपीची गोळीही सुरू झाली.

प्रूफ आता मी स्क्रीनवर वाचतच नाही. मोठ्या टाइपात कागदावर काढते आणि बाइंडिंगमधली ताई मूळ कागद हातात धरून बसते. मी मोठ्याने वाचते, अनुस्वारासकट: "शिंदे, श वर पहिली वेलांटी, अनुस्वार, द ला एक मात्रा." सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं वाटायचं. आता ती माझ्याआधी थांबवते. या पद्धतीने गेल्या सहा महिन्यांत एकही पत्रिका परत आलेली नाही.

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्याला उजेड जास्त टोचतो. मॅडमनी लिहून दिलेले थेंब दिवसातून चारदा घालते. २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायचं, हेही पाळते. खिडकीतून समोरच्या वाड्याच्या कौलांवरचं पिंपळाचं रोप दिसतं, तेवढं अंतर पुरतं.

उन्हातून छापखान्यात शिरताना मी उंबऱ्याशी दोन मिनिटं थांबते. आत तीन पायऱ्या खाली आहेत आणि पहिल्या क्षणी त्या मला दिसत नाहीत. एकदा पाय चुकला होता, भाऊंनी पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी मारून घेतली. रात्रीची गाडी बंद केली. मुंबई नाक्याकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे अजून फुटतात, आणि कडेने कुणी आलं तर उशिरा कळतं. ते बहुधा असंच राहणार. संध्याकाळी मुलगा न्यायला येतो, नाहीतर सिटीलिंकच्या बसने इंदिरानगरला जाते.

भांडी बाजार मला परत चालता येतो, टोपी घालून, सावलीच्या बाजूने. स्टुलावर बसवणारे दादा हटकून विचारतात, "आज कसे आहेत डोळे?" त्यांच्या मुलाची पत्रिका लावायला घेतली आहे. पुढची तपासणी बुधवारी आहे, बाहुल्या मोठ्या केल्या की तो दिवस कामाचा नाही, म्हणून प्रूफ मंगळवारीच वाचून संपवायचं आहे. ताईला सांगून ठेवलंय.