देवाने तुम्हालाच का निवडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. अलिबागच्या इस्रायल आळीत आमचं मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायला येणारे बरेच जण निघताना, चपला घालता घालता विचारतात, "देवाने एकाच समाजाला निवडलं, असं तुमच्यात मानतात ना? मग बाकीचे कोण?" प्रश्न रास्त आहे. मीही तो विचारत आले आहे, फक्त माझा जरा वेगळ्या जागी सुरू होतो.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती तिथेच पुरली. ग्रंथ समुद्रात गेले. 'शेमा' ही प्रार्थना, सुंता आणि शनिवारची विश्रांती एवढंच हाताशी उरलं.

लहानपणी आजीने मला त्या कबरींपाशी नेलं होतं. दुपारची वेळ, माडांची सावली हलत होती. मी विचारलं, "आजी, हे लोक वाईट होते म्हणून बुडाले?" आजीने माझा हात घट्ट धरला. "कोण म्हणतं वाईट होते? आपल्यापेक्षा बरेही असतील, बाय."

तेव्हापासून निवड म्हणजे बक्षीस, हे माझ्या गळी कधी उतरलं नाही. आमचा धर्मग्रंथ तोराहही तसं म्हणत नाही. तुम्ही संख्येने मोठे म्हणून निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे, असं तिथे स्पष्ट आहे. संदेष्टा आमोस तर दोन पावलं पुढे जातो. तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्याच अपराधांचा जाब घेईन, असं देव त्याच्या तोंडून बजावतो. आणि पुढे विचारतो, इस्रायलला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोर देशाहून मीच आणलं ना? पलिष्टी म्हणजे आमचे वैरी! त्यांचाही प्रवास त्याच्याच हातचा. हे वाचलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

इथल्या लोकांनी आम्हाला नाव दिलं 'शनिवार तेली'. सहा दिवस घाणा फिरायचा, शनिवारी बैल मोकळा. शेजाऱ्यांना आमची निवड दिसली ती एवढीच, आठवड्याला एका दिवसाची कमाई बुडवणारी. आणि आमच्यातले लोक इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी हे खरे ज्यू का म्हणून शंका काढली. आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९६४ साली बरोबरीचा हक्क मान्य झाला. निवडलेल्यांतही पुन्हा निवड करायची माणसाची खोड मला त्यात दिसते.

देवाला जाब विचारायचा नसतो, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. मला ते पटत नाही. पापांमुळे देव ज्याचा नाश करणार होता ते सदोम शहर वाचवण्यासाठी आमच्या मूळपुरुषाने, अब्राहामाने, देवाशी पन्नास नीतिमान माणसांपासून घासाघीस सुरू केली आणि दहावर आणली. आमच्या सामुदायिक प्रार्थनेलाही दहाच माणसं लागतात. आताशा ती जमवायला फोन फिरवावे लागतात. दहावा माणूस दारात दिसेपर्यंत मी अब्राहामाचाच विचार करत असते, की तो दहावर का थांबला, एकापर्यंत का नाही गेला.

गेल्या महिन्यात नवगावला गेले होते. कबरींपाशी शेमा म्हटली आणि लहानपणचा तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी आजीला नाही, देवालाच.